दुसरा फोटो हाताचा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. माझ्या पोटात तीन माणसांची नावं लिहिलेली आहेत आणि त्यांपैकी आज एकच माणूस हयात आहे. घाबरू नका, मी काही कुणाला चावत नाही. मला एकच काम येतं. जे समोर असतं, तेवढं मी घेतो. समोर नसलेलं मला दाखवता येत नाही आणि समोर असलेलं लपवता येत नाही. खोटं बोलायला लागतं तेवढं डोकं मला बनवणाऱ्यांनी दिलंच नाही. एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, पांढरे हातमोजे तेवढे आठवतात. मग थर्माकोलात निजून मी रायपूरला आलो, तो थेट समता कॉलोनीत शिशिररावांच्या घरी. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात. पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाच्या फोटोंवर घर चालायचं, पण जीव सगळा मैदानावर. मला खोक्यातून काढल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्या आतल्या यादीत जाऊन, एकेक अक्षर निवडून, इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. तसं लिहिलं की पुढच्या प्रत्येक फोटोच्या पोटात ते नाव आपोआप जातं. फोटोवर दिसत नाही, पण संगणकावर उघडून पाहिलं तर सापडतं.

शिशिररावांना एक सवय होती. सामना सुरू होण्याआधी ते रिकाम्या मैदानाचा एक फोटो घ्यायचे. झेंड्याचा खांब अगदी डाव्या काठाला, जमीन थोडी आणि आभाळ भरपूर. "सगळे आले की मैदानाकडे कुणी बघत नाही," असं ते म्हणायचे. खरं तर त्या फोटोला गिऱ्हाईक नव्हतं. रमाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यावरून त्यांना चिडवायच्या.

दोन वर्षांत शिशिरराव तापाने गेले. मी कपाटात गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. माझी बॅटरी काढून ठेवली होती. बॅटरीवाचून कॅमेरा म्हणजे दगड, हे मलाही कळतं. तरी त्या वर्षभरात कितीदा तरी दुपारच्या वेळी मला कुणीतरी उचलून डोळ्याला लावल्यासारखं वाटलं. कपाटाला तर कुलूप होतं. मी त्याचा फार विचार केला नाही, माझं ते कामच नाही.

वर्षाने कपाट उघडलं तेव्हा समोर मला घ्यायला आलेला एक सावळा, काटकुळा माणूस उभा होता. देवीदास मेश्राम. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बापाच्या नोकरीपासून रायपूरचेच. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं नव्हती. कामावर गेली होती. त्या अर्ध्या बोटाचा स्पर्श माझ्या अंगाला झाला आणि मला तो आवडला, का ते सांगता येणार नाही.

"कॅमेरा तुमचा, भाऊ," रमाताई म्हणाल्या. "पण आत त्यांनी स्वतः नाव लिहिलंय. तेवढं पुसू नका."

"काहून पुसीन, ताई?" देवीदास म्हणाले. "घर त्यायचं, मी भाडेकरू. पहिला फोटो मी त्यायच्याच नावानं काढत जाईन."

मित्रांनो, चूक झाली ती इथे. सज्जन माणसंच अशा चुका करतात, बाकीच्यांना त्या सुचतही नाहीत.

पुढची बारा वर्षं आम्ही दोघांनी रायपूरची मैदानं पालथी घातली. सुट्टीच्या दिवशी शाळांचे सामने असत. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, काहीही. देवीदास एक गुडघा टेकून कडेला बसायचे. मध्यंतरात घडीचं टेबल मांडून छोट्या छपाईयंत्रावर फोटो काढायचे आणि दोरीला चिमट्यांनी टांगायचे. आयाबाया गर्दी करायच्या. आपल्या पोराचा हवेतला पाय, वासलेलं तोंड, उडालेली माती पाहून हरखून जायच्या. पडलेल्या, रडणाऱ्या पोराचा फोटो देवीदास दोरीवर कधीच लावत नसत, कुणी कितीही मागितला तरी. आणि फोटो कुणाला देण्याआधी त्या पोरालाच विचारायचे, "देऊ का?" नाही म्हटलं की लगेच त्याच्यासमोर पुसून टाकायचे.

सामना सुरू होण्याआधी दोन फोटो ठरलेले. पहिला शिशिररावांचा. मला छातीशी धरून, माझ्यातून न बघता, ते रिकाम्या मैदानाकडे तोंड करून कळ दाबायचे. दुसरा हाताचा. दिवसाला सात-आठ सामने, कुठला फोटो कुठल्या सामन्याचा हे मागाहून कळावं म्हणून ते डाव्या तळहातावर निळ्या पेनाने सामना लिहायचे आणि त्या हाताचा फोटो घ्यायचे. हात धुतला, पुढचा सामना लिहिला. इतकी साधी युक्ती.

आता एक गोष्ट मी तुम्हालाच सांगतो, देवीदासांना ती कधी कळली नाही. न बघता काढलेल्या त्या पहिल्या फोटोत झेंड्याचा खांब दर वेळी डाव्या काठालाच यायचा. दर वेळी जमीन थोडी आणि आभाळ भरपूर. ज्या मैदानावर झेंड्याचा खांब उजवीकडे होता, तिथे देवीदासांचे पाय आपसूक वळून उभे राहायचे.

मागच्या डिसेंबरात चौदा वर्षांखालच्या मुलींचा खो-खोचा अंतिम सामना होता. त्यात साक्षी नावाची मुलगी खेळत होती. शिवणकाम करणाऱ्या कमलाबाईंची लेक, अंगाने शिडशिडीत. शेवटच्या मिनिटाला तिने एका हाताने कोर्टाच्या टोकाचा खांब धरला आणि स्वतःला हवेत झोकून दिलं. अंग जमिनीला समांतर, बोटांची टोकं पुढच्या मुलीच्या पाठीपासून वीतभर. माझी झडप उघडून मिटली. तसा फोटो मी आयुष्यात एकदाच घेतला.

"पोरी, देऊ का आईले?" देवीदासांनी विचारलं.

"हव, दे दो काका!" साक्षी धापा टाकत म्हणाली.

त्यांनी तो कमलाबाईंच्या फोनवर पाठवला. खाली बारीक पट्टी होती, 'फोटो : देवीदास मेश्राम'. कमलाबाईंनी कौतुकाने तो पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्यांना पाठवला. पुढे तो कुठून कुठे गेला, कोण जाणे.

फेब्रुवारीत पंडरीच्या चौकात देवीदासांनी करकचून स्कूटर थांबवली. वर दुमजली फलकावर साक्षी उडत होती. एका खेळ अकादमीची जाहिरात होती ती. खाली लिहिलं होतं, 'हमारी छात्रा'. साक्षीने त्या अकादमीचं फाटकही पाहिलं नव्हतं. आणि पट्टी जिथे असायला हवी होती, तिथून फोटो कापलेला होता.

देवीदास अकादमीत गेले. तिथले मुख्य लोकेश सर हसले. "फोटो पे आपका नाम लिखा है क्या, काका?"

"होतं ना. तुमीच कापलं," देवीदास म्हणाले. "मले पैसे नको. खाली नाव टाका अन् त्या पोट्टीले विचारा, बस."

त्याचं उत्तर पुढच्या रविवारी मिळालं. त्या दिवशीच्या स्पर्धेच्या ढाली अकादमीने दिल्या होत्या, त्यामुळे माइकही त्यांच्याच हाती. भर मैदानात लोकेश सरांचा आवाज घुमला, "पालकगण ध्यान दें, एक बाहर का फोटोग्राफर हमारी अकादमी के फोटो चुराकर बेच रहा है. उससे कुछ न खरीदें." टेबलाशी उभ्या असलेल्या एका बाईने हातातला फोटो हळूच परत ठेवला. बारा वर्षं ज्यांच्या लेकरांचे फोटो आम्ही काढले, ते सगळे दुसरीकडे बघू लागले. देवीदासांनी एकेक चिमटा काढला आणि दोरी गुंडाळली. मी त्यांच्या छातीवर लोंबकळत होतो. त्यांच्या काळजाचे ठोके मला माझ्याच अंगात बसल्यासारखे वाटत होते.

घरी आल्यावर ते लेकीला म्हणाले, "मीनल, मले चोर म्हटलं वं, पोट्ट्यापोट्टींसमोर."

मीनल शंकर नगरच्या एका कार्यालयात संगणकावर काम करते. बापाचं मराठी तिला कळतं, पण बोलते निम्मं हिंदी. "तो ओरिजिनल दिखा दो ना बाबा. आपल्याजवळ आहे की."

"दाखवतो. जरा बरं वाटू दे."

बरं वाटलंच नाही. मार्चच्या एका दुपारी देवीदास झोपले ते उठलेच नाहीत. चोर हा शब्द तसाच राहिला, न पुसलेला. शेवटचा जयभीम करायला दारी आलेल्या लोकांतही एकदोघांनी तो कुजबुजत उच्चारला. मीनलने तो ऐकला. मीही ऐकला.

काही दिवसांनी, भर दुपारी, मीनलने मला फळीवरून काढलं, बॅटरी घातली आणि शेवटचा फोटो पाहिला. पडदाभर तळहात होता, अर्ध्या बोटाचा. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मागे घरातलीच निळी भिंत. वर पंखा गरगरत होता, तरी तिच्या कपाळावर घाम आला. तिने मला पालथं ठेवलं. तो फोटो केव्हा घेतला ते मला विचारू नका. झडप उघडली तेव्हा हात समोर होता, एवढंच मला माहीत आहे.

पण त्या हातानेच तिला उठवलं असं मला वाटतं. तिने स्पर्धा समितीच्या यशवंतरावांना गाठलं. हे निवृत्त खेळशिक्षक, चार पिढ्या रायपुरात काढलेल्या मराठी घरातले. मैदानावर त्यांचा शब्द कुणी ओलांडत नाही. त्यांनी एका रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात लोकेश सरांना बोलावलं. कमलाबाई आणि साक्षीही आल्या. मीनलने मला टेबलावर ठेवलं, कार्ड संगणकात घातलं आणि साक्षीचा तो फोटो उघडला. पूर्ण, न कापलेला.

"ये तो किसी से भी मिल सकता है," लोकेश सर म्हणाले. "फाइल के अंदर नाम रहता है. दिखाओ, किसका है."

बरंच झालं, असं मीनलला वाटलं. तिने आतली माहिती उघडली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे शिशिररावांचं नाव होतं. बापाने रमाताईंना दिलेला शब्द तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"ये शिशिर कौन है भई? मतलब कैमरा भी चोरी का?" लोकेश सर खुर्चीत मागे रेलले.

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर! बारा वर्षांच्या सगळ्या फोटोंत मीच ते नाव भरत आलो होतो, इमानदारीने. एका मेलेल्या माणसाचं नाव जपता जपता मी दुसऱ्याला चोर ठरवून बसलो होतो. माझी काच धुरकटली. मीनलने पदराने, म्हणजे तिच्या ओढणीने, ती पुसली.

यशवंतराव मात्र पडद्याकडेच बघत होते. "बेटा, मागे जा. एकेक करून मागे जा."

मीनल मागे गेली. साक्षी हवेतून खांबाकडे परतली. खांबापासून आपल्या बसण्याच्या चौकात. मुली उलट्या धावत होत्या. मग रांगेत उभ्या राहिल्या. मग पडद्यावर हात आला. निळ्या शाईत, 'फायनल, मुली १४'. चौथ्या बोटाला दोन पेरं नव्हती.

त्या हातून फोटो घेतला नाही असा एकही माणूस तिथे नव्हता. लोकेश सरांच्या स्वतःच्या मुलाचा कबड्डीतला फोटो त्यांच्या कचेरीत लावलेला आहे, तोही त्याच हातचा.

"देवीदास भाऊचा हात होय हा," कमलाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. "मी मैदानावर तोंड फिरवलं हो त्याहिच्यापासून. मले माहीत असून."

लोकेश सर काहीतरी पुटपुटले. कुणीतरी पाठवला होता, डिझाइनवाल्याने पट्टी कापली, वगैरे. यशवंतरावांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "आणखी एक मागे जा," ते म्हणाले.

हाताच्या आधीचा फोटो आला. रिकामं मैदान. खांब डाव्या काठाला, जमीन थोडी, आभाळ भरपूर. यशवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा देवीदासनं काढला?"

"त्याच दिवशीचा आहे, सर. हाताच्या एक मिनट आधीचा."

"मैदान असं शिशिरच घ्यायचा," यशवंतराव हळू आवाजात म्हणाले. "माझ्या शाळेचे दोन वर्षांचे सामने त्याने काढलेत. दुसऱ्या कुणाला असं घेताना मी पाहिलं नाही." मग त्यांनी स्वतः हात पुढे करून संगणक मिटला. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, तरी साक्षी आईला चिकटून बसली होती.

मीनलने एकच मागणी केली. जिथे माइकवर चोर म्हटलं, तिथेच माइकवर नाव घ्यायचं. पुढच्या रविवारी लोकेश सरांनी ते घेतलं. खाली मान घालून, पण घेतलं. "ये फोटो स्वर्गीय देवीदास मेश्राम जी का है. हमने बिना पूछे लगाया. गलती हमारी है." त्याच आठवड्यात पंडरीचा फलक उतरला. मैदानावरचे लोक मीनलभोवती जमले आणि प्रत्येकाला अचानक देवीदासांविषयी काहीतरी चांगलं आठवू लागलं. जरा उशीर झाला होता, पण आठवलं हेही कमी नाही.

मग मीनल मला घेऊन रमाताईंकडे गेली. शब्दाची सगळी हकीकत तिला तिथेच कळली. रमाताई किती तरी वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काकू, त्यांचं नाव राहू देते. शेजारी बाबांचं लिहू?"

"लिही," रमाताई म्हणाल्या. "आणि तुझंही लिही. आजच लिही. माणूस असतानाच लिहायचं असतं ते. मी पुसू नका म्हटलं, पण शेजारी लिहा म्हणायचं राहूनच गेलं माझं."

अशी माझ्या पोटात तीन नावं झाली. जागा अजून थोडी शिल्लक आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. तुमचा हवेतला एखादा फोटो कुणी काढला, तर त्याचं नाव विचारा आणि तो फोटो जिथे जिथे लावाल तिथे ते नाव जाऊ द्या. खालची बारीक पट्टी कापू नका. ती पट्टी म्हणजे उन्हात गुडघा टेकून बसलेला एक माणूस असतो. आणि तुमचा चेहरा तुमचा आहे. तुम्हाला न विचारता कुणी तो भिंतीवर चढवत असेल, तर नाही म्हणायला लाजू नका. आम्हा कॅमेऱ्यांना तोंड नाही, तुम्हाला आहे.

परवा डिसेंबरातली स्पर्धा सुरू झाली. मीनलने घडीचं टेबल मांडलं. बापासारखी ती मैदानाच्या कडेला गेली, मला छातीशी धरलं, आणि न बघता पहिला फोटो घेतला. मग तिला आठवलं की पेन घरीच राहिलं. ती स्वतःशीच हसली. "दूसरा आपका, बाबा," असं म्हणून तिने मला तसंच हवेत रोखलं आणि कळ दाबली. समोर मैदान होतं, दूर खांब होता, आणि थंडीतलं ऊन होतं. निदान तिला तेवढंच दिसत होतं.

मध्यंतरात तिने कार्ड संगणकात घातलं. साक्षी पाणी प्यायला टेबलाशी आली होती. आता ती संघाची कप्तान आहे. पहिला फोटो उघडला, खांब डाव्या काठाला. मीनलने दुसरा उघडला. पडदाभर तळहात होता.

"दीदी," साक्षीने विचारलं, "आपने लिखा था ये?"

मीनलने आपला डावा तळहात उलटून पाहिला. तो कोरा होता, पाचही बोटं शाबूत. पडद्यावर निळी शाई अजून ओली दिसत होती, 'सामना १, मुली'. अक्षर ओळखीचं होतं. तिने तो फोटो छापला, कुणाचं तरी पेन मागून मागच्या बाजूला बापाचं नाव लिहिलं आणि चिमट्याने दोरीवर सगळ्यांत पहिला टांगला.

मी जे समोर असतं तेवढंच घेतो, मित्रांनो. हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं.